फुकट काम करायला जायचं, तरी व्हिसा का अडतो?

स्वयंसेवक म्हणून परदेशी निघालेल्या मुलाच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुधा वडील विचारतात. "तिथल्या संस्थेनं बोलावलंय, राहायची-जेवायची सोय तेच करणार, तू पगार एक रुपया घेणार नाहीस. मग त्यांच्या सरकारचं जातं काय?"

प्रश्न रास्त आहे. वर्धा जिल्ह्यात तर तो जास्तच रास्त वाटतो. सेवाग्राम आणि पवनारला परदेशी माणूस येतो, सूत काततो, अंगण झाडतो, प्रार्थनेला बसतो, हे इथल्या तीन-चार पिढ्यांनी पाहिलेलं आहे. ते येऊ शकतात तर आपण का जाऊ शकत नाही? खरं म्हणजे त्यांनाही कागद लागतातच. त्यांनी कुठे आणि किती खेपा घातल्या ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. या प्रकरणात तो कागदांचा कारभार सावकाश उलगडून पाहू.

१. दाखला कोणाचा, दार कोणाचं

आधी पासपोर्ट आणि व्हिसा यांची फारकत करून घेऊ, कारण बोलताना आपण दोन्ही एकाच दमात घेतो आणि पुढचा अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पासपोर्ट तुमचं स्वतःचं सरकार देतं. हा माणूस आमचा, एवढं त्यात सांगितलेलं असतं. व्हिसा देतं ते समोरचं सरकार. या माणसाला अमुक कामासाठी, अमुक दिवस आमच्याकडे येऊ द्यायला आमची हरकत नाही, असा त्याचा अर्थ. तुमच्या गावची ग्रामपंचायत तुम्हाला रहिवासी दाखला देते. पण तो दाखला दाखवून तुम्ही शेजारच्या गावात कोणाच्या घरी मुक्काम मागू शकत नाही. ते त्या घरचा कर्ता ठरवतो, आणि नाही म्हणाला तर कारण सांगायलाही तो बांधील नसतो.

पासपोर्टच्या बाबतीत आपल्याला निदान हक्काची भाषा बोलता येते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. तोवर पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला आणि कोणत्या कारणांनी नाकारता येईल ते लिहून ठेवलं गेलं. त्यातलं एक कारण सामाजिक कामातल्या मुलांनी लक्षात ठेवावं असं आहे. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडतो, मग तो खटला रास्ता रोकोतला का असेना. अशा वेळी त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते. ती मिळते, पण वेळ खाते.

व्हिसाला असा हक्क नाही. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क जगातल्या कोणत्याच परक्या नागरिकाला नसतो. व्हिसा हातात पडला तरी विमानतळावरचा अधिकारी शेवटचा शब्द राखून असतो.

ही व्यवस्था फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत पुष्कळ देशांत माणसं पासपोर्टाशिवाय ये-जा करत. युद्धात हेरांच्या भीतीनं सरहद्दींवर कागद मागायला सुरुवात झाली, युद्ध संपलं आणि कागद राहिले. भारतात पासपोर्टची सक्ती याच काळात आली. प्रवेशासाठी पासपोर्ट हवा असं सांगणारा कायदा १९२० साली झाला.

२. दार उघडं, दाखला अडला

१९३७ साली जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती झू दे यांनी त्याच वर्षी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. पुढच्या वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी जनतेला आवाहन केलं, जुलै १९३८ मध्ये देशभर चीनसाठी निधी गोळा झाला, आणि बावीस हजार रुपये जमले. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका त्या काळात वारंवार वर्ध्याला, जमनालाल बजाजांच्या बजाजवाडीत भरत. देशाचं राजकारण नागपूरहून ७५ किलोमीटरवरच्या या लहानशा गावात येऊन बसलेलं होतं.

डॉक्टरांचं एक पथक पाठवायचं ठरलं. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, ते आधी स्पेनच्या यादवीत जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर साठीकडे झुकलेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, वय सत्तावीस. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे डॉ. रणेन सेन, तेही बंगालचे.

सेन यांना पासपोर्ट मिळाला नाही. त्यांचं राजकारण इंग्रज सरकारला ठाऊक होतं. चीनला डॉक्टर हवे होते, त्यांच्याकडून काही अडचण नव्हती. अडवलं ते घरच्या सरकारनं. सेन यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू यांना घेतलं गेलं आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून 'राजपुताना' बोटीनं निघालं.

कोटणीसांची पुढची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे: ते चीनमध्येच राहिले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. सेन मात्र या गोष्टीत एका ओळीपुरतेच येतात. जो जाऊ शकला नाही त्याच्यावर चित्रपट निघत नाही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं सेन यांची ओळ फार मोलाची आहे. पाचही डॉक्टर सेवेलाच निघाले होते; सरकारनं त्यांच्या सेवेकडे पाहिलं नाही. हा माणूस तिकडे जाऊन आणखी काय करील, एवढंच पाहिलं. आजचा व्हिसा अधिकारी नेमका हाच प्रश्न विचारत असतो, फक्त कारणं बदलली आहेत.

३. येणाऱ्यांनाही हेच

ही अडवणूक एकाच दिशेनं चालत होती असं नाही. व्हेरियर एल्विन हा इंग्रज पाद्री १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधींच्या प्रभावाखाली गेला, आणि जमनालाल बजाजांच्या सुचवण्यावरून गोंडांमध्ये काम करायला तयार झाला. त्यानं आणि शामराव हिवाळे यांनी १९३२ साली मंडला जिल्ह्यात करंजिया इथे बस्तान बसवलं. त्याच वर्षी एल्विन इंग्लंडला गेला आणि तिथेच अडकला. परत हिंदुस्थानात येण्याची मुभा त्याला मिळेना. शेवटी गोंडांच्या कामापुरतंच राहीन, कायदेभंगात भाग घेणार नाही, सरकारविरुद्ध लिहिणार नाही, असं लिहून दिल्यावर त्याला येऊ दिलं. राज्य इंग्रजांचं, माणूस इंग्रज, काम दवाखाना आणि शाळा; तरी अट घातली गेलीच.

त्याच्याही पुढची गोष्ट सेवाग्राम आश्रमातली. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधींना भेटले, आणि त्यांच्या संघातले भिक्षू पुढे आश्रमात येऊन राहू लागले. डफासारखं वाद्य वाजवत त्यांनी म्हटलेला मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि पोलीस येऊन आश्रमातल्या भिक्षूला घेऊन गेले. आदल्या दिवशी जो पाहुणा होता तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्यानं स्वतः काही केलेलं नव्हतं. परदेशी माणसाचा मुक्काम दोन सरकारांच्या संबंधांवर टांगलेला असतो, आणि ही गोष्ट अर्ज भरताना कोणी सांगत नाही.

४. बिनपगारी काम हेही कामच

आता वडिलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पगार नाही, मग अडचण काय?

अडचण अशी की बहुतेक देशांचे कायदे कामाची व्याख्या पगारावरून करत नाहीत. समजा दहा परदेशी मुलं एखाद्या शाळेच्या भिंती आठवडाभर फुकट रंगवून गेली. त्या आठवड्याची मजुरी गावातल्या रंगाऱ्याला मिळाली नाही. मुलांनी पैसे घेतले नाहीत हे खरं, पण रंगाऱ्याचं काम गेलं हेही खरं. त्यात काही मालक मजुराला स्वयंसेवकाचं नाव लावून राबवून घेतात, हा अनुभव सगळ्या श्रीमंत देशांना आहे. म्हणून सरकार विचारतं की, इथे येऊन नक्की कोणतं काम करणार, कोणाकडे करणार, आणि ते काम करणारा माणूस आमच्याकडे आधीच आहे का?

प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं. ब्रिटनच्या साध्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते. त्याहून जास्त करायची तर धर्मादाय कामाचा वेगळा तात्पुरता व्हिसा आहे, तो १२ महिन्यांपर्यंत मिळतो. त्यासाठी तिथली संस्था सरकारची परवानाधारक असावी लागते आणि तिनं तुमच्या नावानं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. काम बिनपगारी हवं, आणि ते कोणाच्या कायम नोकरीची जागा भरणारं नको.

अमेरिकेत धार्मिक किंवा ना-नफा सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी बी-१ व्हिसा चालतो. गंमत म्हणजे हा व्यावसायिक भेटीचा व्हिसा आहे, पर्यटकाचा बी-२. पगार घ्यायचा नाही, खर्चापुरता भत्ता चालतो. संस्थेच्या पत्रात तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मायदेशातला कायमचा पत्ता, अमेरिकेत आधी कुठे उतरणार आणि अंदाजे किती काळ राहणार, हे सगळं लिहिलेलं हवं. जर्मनीत वर्षभराची स्वयंसेवा करायला जाणाऱ्यांना राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. तीन महिन्यांचा प्रवासी व्हिसा त्याला पुरत नाही.

आणि भारत? आपणही तितकेच कडक आहोत. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर परदेशी पाहुण्याला जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवा करता येते. एखाद्या संस्थेत त्याहून जास्त काळ मानद काम करायचं तर त्याला चक्क रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. या व्हिसाला एरवी असलेली किमान पगाराची अट अशा मानद कामासाठी माफ होते आणि व्हिसावर संस्थेचं नाव लिहिलं जातं. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की यजमानानं २४ तासांत सरकारला कळवायचं, १८० दिवसांहून जास्त राहणार असेल तर त्यानं १४ दिवसांत नोंदणी करायची. जिल्ह्यातल्या ज्या आश्रमात किंवा दवाखान्यात परदेशी मुलं येऊन राहतात तिथल्या कार्यालयात बसून पाहा, हे फॉर्म भरणारा एक तरी माणूस तिथे सापडेल. त्याच्याशी बोललात तर तिकडच्या अधिकाऱ्याची बाजू चटकन समजेल.

या सगळ्यातून निघणारी एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. "पर्यटक म्हणून अर्ज कर, कामाचं बोलू नकोस" असा सल्ला देणारे लोक आणि संस्था पुष्कळ आहेत. हा सल्ला तुमच्या भल्याचा नाही. पुस्तकातल्या खुणा, फोनमधले संदेश, सामानातलं संस्थेचं जाकीट यांतून खरं कारण विमानतळावर उघडं पडतं. मग परतीचं विमान आणि पुढच्या प्रत्येक अर्जात "पूर्वी कधी प्रवेश नाकारला होता का?" या रकान्यात 'हो' लिहिणं, दोन्ही तुमच्याच वाट्याला येतं. संस्थेच्या वाट्याला काही येत नाही.

५. कापसाचे पैसे आणि बँकेचं पुस्तक

व्हिसा अर्जात दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: तिकडे कशाला जाणार, आणि परत येणार का. पहिलीसाठी संस्थेचं पत्र असतं. खरी गाडी अडते दुसरीवर.

अमेरिकेचा कायदा तर सरळच सांगतो की, तात्पुरत्या व्हिसाला अर्ज करणारा माणूस कायमचं राहायलाच निघाला आहे असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं. तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. २१४ (ब) या कलमाखाली येणारे नकार ते हेच. युरोपच्या शेंगेन देशांचा नकाराचा छापील नमुना असतो, त्यातही 'मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याचा इरादा पटला नाही' अशी एक चौकट आहे.

आता स्वयंसेवेला निघणारा माणूस साधारण कोण असतो? नुकतं शिक्षण संपलेला, लग्न न झालेला, नोकरी नसलेला किंवा सोडून निघालेला. परत येण्याची हमी म्हणून अधिकारी ज्या गोष्टी पाहतो त्या नेमक्या त्याच्याकडे नसतात. ज्या मोकळेपणामुळे तो सेवेला जाऊ शकतो त्याच मोकळेपणानं त्याचा अर्ज कमजोर होतो. हा अन्याय आहे का? मला वाटतं, आहे. पण अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमचं मन नसतं, कागद असतात.

वर्धा जिल्ह्यात या कागदांना आणखी एक पीळ पडतो, तो शेतीचा. समजा आर्वी तालुक्यातली एक मुलगी आहे, नर्सिंग झालेली. वडिलांची आठ एकर शेती. कापूस, तूर, सोयाबीन. तिला इटलीतल्या वृद्धाश्रमात दोन महिने सेवा करायला जायचं आहे. खर्च वडील करणार. वकिलातीला हवीत प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि मागच्या काही महिन्यांचं बँक खात्याचं पुस्तक.

विवरणपत्रं नाहीत, कारण शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे प्राप्तिकर नाही आणि ज्याचं दुसरं उत्पन्न नाही तो शेतकरी बहुधा विवरणपत्र भरत नाही. बँकेच्या पुस्तकात वर्षभर चिल्लर नोंदी, आणि जानेवारीत एकदम अडीच लाख. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. कापूस हिंगणघाटच्या नाहीतर आर्वीच्या बाजारात गेला, पैसे आले. पण मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्या इटालियन अधिकाऱ्याला ते खातं संशयास्पद दिसतं. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून तरी उसने पैसे आणून खातं फुगवण्याची चलाखी त्यानं रोज पाहिलेली असते. त्याला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार कळतो, हंगाम कळत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे हंगाम त्याला समजावून सांगणं. सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. बाजार समितीतली किंवा खरेदी केंद्रावरची विक्रीची पावती, ज्या रकमेवर संशय येणार तीच रक्कम आणि तीच तारीख दाखवणारी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. मागच्या एकाऐवजी तीन वर्षांचं बँकेचं पुस्तक, म्हणजे दर हिवाळ्यात अशीच मोठी रक्कम येते हे डोळ्यांना दिसेल. आणि वर एक पानाचं पत्र: आमचं उत्पन्न शेतीचं आहे, भारतात ते करमुक्त आहे, कापूस अमुक महिन्यांत विकला जातो, सोबतच्या पावत्या क्रमांक अमुक ते अमुक. हे पत्र कोणी मागत नाही. मागितलं नाही तरी जोडावं. अर्जाचा निकाल बऱ्याचदा न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर लागतो.

आणि परत येण्याचं काय? मुलीला इथे पुढच्या शिक्षणाचा प्रवेश मिळाला असेल तर त्याचं पत्र, नोकरी असेल तर दवाखान्यानं मंजूर केलेली रजा. 'माझं गावावर प्रेम आहे' हे कितीही खरं असलं तरी त्याची झेरॉक्स निघत नाही.

६. देशमुख प्रिया सुरेश

नावाचा घोळ लहान वाटतो, पण त्यानं अर्ज महिनोन्महिने अडतात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. कुठे आईचंही नाव जोडलेलं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. आपल्याकडे नावाच्या रकान्यात बहुतेक जण वडिलांचं नावही घालतात. म्हणजे गुणपत्रिकेवर 'देशमुख प्रिया सुरेश' आणि पासपोर्टवर 'प्रिया सुरेश' अधिक 'देशमुख'. आपण एका नजरेत ओळखतो की बाई एकच. परदेशी अधिकाऱ्याला पहिल्या कागदावरून तिचं नाव देशमुख आणि आडनाव सुरेश वाटतं.

लग्न झालेल्या मुलींचं तर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत मूळ नावही. आधारवर नवं, पदवीवर जुनं, बँकेत अर्धं-अर्धं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हवं, नाव मुळापासून बदललं असेल तर राजपत्रातली नोंद हवी. आणि इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे सारखं हवं. एका जागी एक अक्षर कमी आणि दुसऱ्या जागी जास्त, हे आपल्या सरकारी कागदांत इतकं सर्रास आहे की ते तपासायचं आपल्याला सुचतच नाही. वर्धा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पासपोर्टातली दुरुस्ती व्हिसाच्या आधी, निवांत असताना करून घ्यावी.

७. नव्वद दिवसांचा हिशेब

युरोपातल्या २९ देशांचा मिळून एक शेंगेन व्हिसा आहे. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी झालेल्या करारावरून हे नाव पडलं. त्याचा नियम म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम. वाचायला सोपा, मोजायला फसवा. लोक समजतात की सहा महिने झाले की पाटी कोरी. तसं नाही. रोज त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती दिवस आत होतो ते पाहायचं.

आपल्या आर्वीच्या मुलीचंच उदाहरण घेऊ. ती १ मार्च ते २९ एप्रिल इटलीत राहिली: मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९, एकूण ६० दिवस. मग जर्मनीतल्या एका शिबिरानं १ जुलैपासून ४५ दिवसांसाठी बोलावलं. १ जुलैला मागे १८० दिवस मोजले तर खिडकी ३ जानेवारीपर्यंत जाते. सगळे ६० दिवस त्यात आहेत. म्हणजे हातात उरले ३०. ३० जुलैला ९० पूर्ण, त्याच दिवशी तिला बाहेर पडावं लागेल. १ मार्चचा दिवस खिडकीबाहेर जाईल तो २८ ऑगस्टला, तेव्हापासून एकेक दिवस पुन्हा मोकळा होत जाईल. ४५ दिवसांचं शिबिर या हिशेबात बसत नाही. आणि हेसुद्धा तिच्या व्हिसावर तेवढे दिवस आणि दोनदा प्रवेश लिहिलेला असेल तर.

बाकीचे नियम पटकन सांगतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतात. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची तीन महिन्यांची मुदत शिल्लक हवी. अनेक देश फिरायचे असतील तर जिथे मुख्य मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज. ज्याची तारीख लवकर मिळते त्याच्याकडे नाही. आफ्रिकेत जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या १० दिवस आधी तरी घ्यावी, कारण त्या भागातून परतताना भारतच ते प्रमाणपत्र मागतो.

८. सगळीच दारं बंद असतील तर

कधी कधी कागद कितीही नीट असले तरी काही होत नाही. १९६२ च्या युद्धानंतर जेमतेम सव्वातीन महिन्यांनी, १ मार्च १९६३ रोजी, दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगकडे एक मैत्रीयात्रा पायी निघाली. नेतृत्व महाराष्ट्रातले ज्येष्ठ सर्वोदयी शंकरराव देव यांच्याकडे, बरोबर परदेशी शांतिसैनिकही होते. पूर्व पाकिस्ताननं वाट दिली नाही. ब्रह्मदेशानं दिली नाही. चीननं तर नाहीच. १९६४ च्या सुरुवातीला यात्रा आसामात थांबली. यात्रा निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९६२ मध्ये, पवनारचे विनोबा पूर्व पाकिस्तानातून पंधरवडाभर पायी चालत गेले होते आणि त्यांना तिथल्या सरकारनं परवानगी दिली होती. माणसं एकाच विचाराची, चालणं तेच, हेतूही तोच. मधल्या काळात एक युद्ध झालं होतं आणि एका यात्रेच्या नावात पेकिंग होतं.

असा नकार वैयक्तिक धरू नये. बाकीच्या नकारांचं मात्र कारण वाचावं. शेंगेनचा नकार लेखी येतो, कारणाच्या चौकटीवर खूण असते आणि अपिलाची वाट खाली दिलेली असते. अमेरिकेच्या २१४ (ब) ला अपील नाही, नवा अर्ज मात्र करता येतो. तेच कागद तसेच पुन्हा पाठवले तर तेच उत्तर पुन्हा येतं, शुल्क दोन्हीकडे बुडतं. आधी नकाराचं कारण बदलेल असा कागद मिळवावा, मगच दुसरा अर्ज करावा. पहिला नकार लपवू मात्र नये. तो त्यांच्या संगणकात असतोच.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक काम करा. ज्या संस्थेकडे जाणार आहात तिला एक ओळीचं पत्र लिहून विचारा: आमच्याकडून तुम्ही जे काम करून घेणार आहात त्यासाठी तुमच्या देशाचा कोणता व्हिसा लागतो, आणि त्यासाठी तुम्ही कोणते कागद देणार? चांगली संस्था व्हिसाचं नाव, कागदांची यादी आणि लागणारा वेळ लेखी कळवते. जी संस्था "टुरिस्ट म्हणून या, बाकी आम्ही पाहतो" असं म्हणते, तिच्याकडे जाऊ नका, आणि लेखी उत्तर येईपर्यंत विमानाचं तिकीटही काढू नका.